खोडलेल्या ओळी

स्वतःचा ब्लॉग सुरू करायचा आहे, त्यासाठी कोणती व्यवस्था घ्यावी, असं अलीकडे मला लोक विचारतात. लग्नकार्यात विचारतात, दुकानात दार बघायला आलेलं गिऱ्हाईकही विचारतं. मी लिहितो हे आता चार जणांना माहीत झालंय. पण हा प्रश्न आला की माझं डोकं तापतं. मागच्या महिन्यात एका वकिलाने विचारलं, तेव्हा मी त्याला म्हणालो, "आधी सांगा, तुमचा मित्र कोण आहे?" तो बिचारा गोंधळला. त्याला वाटलं मी दुसऱ्याच कुणावर चिडलोय. ते खरंही होतं.

माझा धंदा जुन्या लाकडाचा, दुकान हुबळीला. हुबळी-धारवाडात, आसपासच्या गावांत जुनं घर पाडायला काढलं की मला निरोप येतो. चौकटी, दारं, तुळया, गजांच्या खिडक्या मी उचलतो, साफ करतो आणि नवं घर बांधणाऱ्यांना विकतो. हा धंदा मला कुणी दिला नाही. आमच्या गावी अळणावरला लाकडाच्या गिरणीत झाडलोट करत मी लाकूड शिकलो. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं की आत पोकळ आहे की भरीव, ते आवाजावरून कळतं. माणसाला असं ठोकता येत नाही.

माझी सौदा करायची एक रीत आहे आणि ती सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. समोरच्याने भाव सांगितला की मी भावावर बोलतच नाही. मी यादी मागतो. काय काय देणार ते एका खाली एक लिहा म्हणतो. मग पेन घेऊन एकेक ओळ खोडत जातो. ह्या बिजागऱ्या नको. ही वरची पट्टी नको. गाडीत भरून देणार लिहिलंय, ते नको, माझी माणसं आहेत. प्रत्येक ओळ खोडली की विचारायचं, आता किती? समोरचा दमतो. पाचसहा ओळी गेल्या की तो स्वतःच निम्म्यावर येतो. तीस वर्षं मी असाच जगलो आणि दोन घरं बांधली.

लिहिण्याचं खूळ अक्कामुळे आलं. अक्का माझी थोरली बहीण. अप्पा गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि ती चौदा-पंधरा वर्षांची. तिने शाळा सोडली आणि त्याच गिरणीतून भुशाची पोती डोक्यावरून वाहिली, म्हणून मी दहावीपर्यंत गेलो. आता ती अळणावरलाच मुलाकडे असते. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. दोन वर्षांपूर्वी भेटायला गेलो होतो, तेव्हा म्हणाली, "एवढं सगळं बोलतोस, लिहून ठेव की. सून वाचेल, मी ऐकेन. नाहीतर आपल्या घरात काय झालं ते कुणाला कळायचं?"

मी म्हटलं, "तुझं पण लिहू काय?"

"माझंच लिही," ती म्हणाली. "तुझं काय आहे लिहिण्यासारखं? दारं विकतोस."

म्हणून ब्लॉग. वही नको, कारण वही अळणावरला पोचणार कशी? ब्लॉगवर टाकलं की तिथे सुनेच्या मोबाइलवर उघडतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की सून वाचणार आणि अक्का ऐकणार, असं ठरलं.

आता कुठे लिहायचं हा प्रश्न आला. विद्यानगरात वेबसाइटची कामं करणाऱ्या एक बाई आहेत. स्वतःचं छोटं ऑफिस, दोन संगणक, बोलणं रोखठोक. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी समजावलं की लिहिलेलं साठवून, नीट मांडून लोकांना दाखवणारी एक व्यवस्था लागते, तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात, आणि ती बरीच प्रकारची मिळते. त्यांनी जगभर वापरली जाणारी एक सुचवली.

"किती?" मी विचारलं.

"फुकट आहे अण्णा. फक्त इंटरनेटवरच्या जागेचं वर्षाचं भाडं आणि माझी एकदाची मजुरी."

"फुकट म्हणजे कमी किती कराल?"

"फुकटात कमी कसं करू? उलटं मी तुम्हाला पैसे देऊ काय?" त्या हसल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या, "हे घ्या नाहीतर दुसरं घ्या, पण तीन गोष्टी विचारून घ्या. साइटचं नाव कुणाच्या नावावर आहे. लिहिलेलं सगळं एका वेळी बाहेर काढता येतं काय. आणि काही बदललं तर आधीचं जुनं मिळतं काय. बाकी रंग-बिंग काहीही असू दे."

मला ते विक्रीचं बोलणं वाटलं. खरं सांगायचं तर ज्या मालाचा भाव पाडता येत नाही, तो माल हातात घ्यायलाच मला आवडत नाही. फुकट म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं. विचार करतो म्हणून उठलो.

आणि विचार करायला गेलो सरांकडे.

सर धारवाडात सप्तापूरला राहतात. कॉलेजात भाषा शिकवून निवृत्त झालेले. वीस वर्षांपूर्वी घराला जुन्या सागवानी खिडक्या हव्यात म्हणून माझ्या दुकानात आले होते. खिडक्या घेतल्या आणि गप्पांना रोज यायला लागले. माझ्या दुकानात त्यांची ठरलेली खुर्ची होती. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी लिहिली. त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस मी इस्पितळाच्या बाकावर बसून होतो. मोबाइलवर मराठी कसं लिहायचं, ते मला त्यांनीच शिकवलं. मी दुकानात जुन्या गोष्टी सांगायला लागलो की ते इकडे दुकानदाराला मारतात तशी हाक मारून म्हणायचे, "सावकार, हे वाया चाललंय हो. लिहा."

निवृत्तीनंतर त्यांना संगणकाचा नाद लागला होता. शिकून शिकून त्यांनी स्वतःची एक ब्लॉगची व्यवस्था तयार केली होती. मी विद्यानगरची हकिगत सांगताच ते दुखावल्यासारखे झाले.

"घरचा माणूस असताना तुम्ही बाहेर विचारता? ते परदेशी सामान. त्यात आपली भाषा कशीबशी बसते. माझ्यात सगळं मराठीत आहे. बटणंसुद्धा."

"भाव बोला," मी म्हटलं.

त्यांनी भाव सांगितला. मला बरं वाटलं. आता काहीतरी पाडायला मिळालं.

"यादी करा."

त्यांनी कागद घेतला आणि शिक्षकी अक्षरात दहाबारा ओळी लिहिल्या. मी पेन काढलं. त्यांच्या बायकोने गिरमिट, आमच्याकडचे मसाल्याचे चुरमुरे, आणून ठेवलं, ते खात खात आम्ही तासभर भांडलो. मुखपृष्ठाला चित्र, नको. वाचकांना ईमेल, नको, माझी वाचक एकच आहे आणि तिला दिसत नाही. साइटचं नाव लेखकाच्या नावे नोंदवणे, नको, तुमच्याच नावाच्या साइटवर एक कोपरा द्या. सगळं लेखन एकत्र उतरवून घेण्याची सोय, नको. जुन्या आवृत्त्या जपणे, याला काय म्हणतात? जुनं जपायला मी आहे की, दुसरं काय करतो मी आयुष्यभर? नको.

बाईंचे तीन प्रश्न माझ्या कानात होते. पण ते प्रश्न परक्या माणसाला विचारायचे असतात. घर पाडणारा अनोळखी असेल तर मी प्रत्येक तुळई ठोकून बघतो. ओळखीचा असेल तर ठोकत नाही, त्याला तो अपमान वाटतो. आमच्या धंद्यात ही रीत आहे आणि मी ती पाळली.

शेवटी भावात पैसे राहिलेच नाहीत. सर म्हणाले, "जाऊ द्या, मला एक पुस्तकांचं कपाट करून द्या." मी कुंदगोळकडच्या एका घराचं मोठं दार फोडून त्यांना कपाट करून दिलं. सरळ रेषेचा सागवान, कुठे गाठ नाही. वरच्या फळीला जुन्या दाराची नक्षी तशीच ठेवली. असं कपाट मी माझ्या घरातही ठेवलेलं नाही. बसवल्यावर सरांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सावकार, तुम्ही घाट्यात गेलात." मी हसलो. मनात हिशेब केला होता, मीच फायद्यात होतो.

वर्षभर छान चाललं. कागदावर लिहायची मला सवय नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर बोटाने सरळ सरांच्या पानावर लिहायचो आणि हिरवं बटण दाबायचो. पन्नासच्या वर लेख झाले असतील. रविवारी चारच्या सुमाराला अक्काचा फोन यायचा. "ते तसं नव्हतं रे" किंवा "हे बरं लिहिलास." एवढंच. पण त्या फोनसाठी मी रविवारी कुठे जात नव्हतो.

सगळ्यात मन लावून लिहिलेला लेख अक्कावरचाच होता. त्यात भुशाची पोती होती. मी लिहिलं होतं की गिरणीतून आली की अक्काच्या भुवयांत भुसा असायचा, ती हसली की तो माझ्या ताटात गळायचा, मी चिडून ताट ढकलायचो आणि ती तेच ताट पुढे ओढून जेवायची. तो लेख ऐकून अक्का फोनवर काही बोलली नव्हती. फक्त म्हणाली, "हं." तसं "हं" मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही.

यंदा तिच्या घरी नातीचं बारसं होतं. पाहुणे जमले होते. अक्काने सुनेला सांगितलं, माझ्यावर लिहिलेलं ते सगळ्यांना वाचून दाखव. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी घाबरलो.

"ही ताई कोण रे?" अक्का म्हणाली.

"कुठली ताई?"

"तुझ्या लिखाणातली. सून वाचायली आणि सगळी ऐकायली. ताईंनी असं केलं, ताईंनी तसं केलं. मी म्हटलं, हे दुसऱ्याच कुणाचं आहे, माझं काढ. ती म्हणते, हेच आहे. मला लाज वाटली रे. पाहुण्यांना वाटलं म्हातारीला भ्रम झालाय."

मी मोबाइल उघडला. पान निराळंच दिसत होतं. वर मोठ्या अक्षरात एका साहित्य-संचाचं नाव, त्याखाली संपादक म्हणून सरांचं नाव, आणि खाली वीसेक लेखकांची यादी. त्यात मी नववा. अक्कावरचा लेख उघडला. अक्काची ताई झाली होती, अप्पांचे बाबा झाले होते. भुसा गेला होता. भुवया गेल्या होत्या. ताट गेलं होतं. तिथे लिहिलं होतं, "ताईंनी कुटुंबासाठी अपार कष्ट उपसले; मात्र त्यांच्या मुखावर सदैव समाधान विलसत असे." विलसत असे! हा शब्द मी जन्मात तोंडातून काढलेला नाही. खाली नाव माझं. एकेक करून सगळे लेख उघडले. सगळे धुतलेले. आमच्या घरातली माणसं, आमचं निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणं, शिव्या, सगळं कुणीतरी रंधा मारून गुळगुळीत केलं होतं.

दुकान तसंच उघडं टाकून मी धारवाडची बस पकडली. सप्तापूरला उतरेपर्यंत मनातल्या मनात सरांशी सगळं भांडून घेतलं.

सर कपाटासमोरच बसले होते. मला बघून खुश झाले. "या सावकार! पाहिलंत काय नवं रूप? पुण्याहून वाचक येतायत आता."

"माझ्या अक्काला काय केलंत?"

"म्हणजे?"

"अक्का कुठाय माझी?"

त्यांना आधी कळेना. मग कळलं तसं ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. तो सूर मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेत मास्तर त्याच सुरात म्हणायचे, तुमच्या घरी असंच बोलतात काय?

"अहो, वीस लेखकांचा संच आहे. एकसारखी भाषा लागते. तुमचा अनुभव अस्सल आहे, पण मांडणी जरा ओबडधोबड. बाहेरच्या वाचकाला अक्का-अप्पा कळत नाही."

"न कळू दे. मला विचारलं होतं?"

"तुम्हाला आनंदच होईल असं वाटलं. वीस वर्षांची मैत्री आहे आपली. तुमच्या मुलीच्या पत्रिकेतला शब्द न् शब्द मी विचारून लिहिला होता काय?"

"पत्रिका वेगळी. तिच्यात माझी बहीण नव्हती."

त्यांच्या बायको आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "झालं ते झालं. माझं होतं तसं परत टाका."

सर म्हणाले, "ते आता नाही."

"नाही म्हणजे?"

"बदललेलं जुन्यावरच साठतं. जुनं राहत नाही."

"असं कसं? तुम्ही माणूस आहात की काय? मूळ ठेवल्याशिवाय कोण रंधा मारतं?"

सर उठले. माझ्याच कपाटाचं माझंच दार उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक पुठ्ठ्याची फाइल काढली. त्यात ती यादी होती. त्यांचं शिक्षकी अक्षर, आणि त्यावर माझ्या पेनाच्या आडव्या रेघा. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. जुन्या आवृत्त्या जपणे. रेघ चांगली दाबून मारलेली होती.

"मी द्यायला तयार होतो, सावकार," ते हळू म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात."

तो कागद त्यांनी जपून ठेवला होता, याचंच मला जास्त लागलं. मित्र असा कागद ठेवत नाही. असा कागद मी ठेवतो, परक्यांचा.

"मग निदान माझं सगळं काढून टाका त्यातून."

"बघतो," सर म्हणाले. "संच बिघडेल जरा, पण बघतो."

अजून बघतायत. पान त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे मला हात लावता येत नाही. तिथे आजही माझ्या नावाखाली ताईंच्या मुखावर समाधान विलसतं आहे.

विद्यानगरच्या बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं होतं ना, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या तर मी भांडायला तयार होतो. त्यांनी ती फुकटची व्यवस्था बसवून दिली, नाव माझ्या नावावर घेतलं, आणि जुन्या आवृत्त्या कुठे दिसतात ते माझ्याच बोटाने दाबून दाखवायला लावलं. मजुरी सांगितली. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "यादी करा." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पैसे ठेवले आणि उठलो.

मग अळणावर. अक्का ओट्यावर बसली होती. शेजारी बसलो, मोबाइल काढला आणि म्हटलं, "आपण ते परत लिहू. मला आठवतंय तसं सांगतो, तू ऐक." भुवयांतल्या भुशाचं ते वाक्य जसंच्या तसं यावं म्हणून मी चार वेळा जुळवलं. येईना. शब्द तेच, पण ते वाक्य नव्हे. माझा आवाज चढायला लागला. सर, त्यांचं कपाट, त्यांचा संच, सगळं बाहेर पडलं.

"पुरे," अक्का म्हणाली. "ऐक. हसल्यावर नव्हता गळत भुसा. मी कशाला हसेन त्या वेळी? शिंक यायची मला, दिवसभर. शिंकले की गळायचा."

"पण मी लिहिलं होतं तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"तू एवढं छान लिहिलास. कुठं बोलू?" ती म्हणाली. "आणि ताट ढकलायचा नाहीस तू. फेकायचास. एकदा अंगणात फेकलंस. मी उचलून, धुऊन, तेच खाल्लं. ते लिही."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. तिने मान थोडी तिरकी करून ऐकलं, नजर गेल्यापासून ती अशीच ऐकते.

"हं," ती म्हणाली. "ही मी."

बटण दाबलं. मग लगेच त्याची एक प्रत उतरवून घेतली, आणि आणखी एक. अक्काने विचारलं, "काय करायलास एवढा वेळ?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या मास्तरला फार शिव्या घालू नको. ओळ तूच खोडलास ना?"

हौदु, होय, मीच खोडली. ते मी कुणापासून लपवत नाही, इथेही लिहून ठेवतो आहे. अनोळखी माणसाशी करायचा सौदा मी मित्राशी केला, आणि मित्रावर ठेवायचा विश्वासही त्याच कागदावर ठेवला. पण माझ्या अक्काला ताई मी नाही केलं. ते त्यांनी केलं, न विचारता, माझ्या दुकानातल्या खुर्चीवर वीस वर्षं बसून. ती खुर्ची मी अजून विकलेली नाही. गिऱ्हाईक बसायला लागलं की दुसरी पुढे करतो. आणि त्यांच्या घरातलं ते कपाट आम्हा दोघांनंतरही उभं राहील, कारण ते लाकूड मी सगळीकडून ठोकून बघितलं होतं.